कॅच-अप प्रोग्राम मागवण्याआधी: मुंबईतल्या प्रकल्पमालकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईत बांधकामे काढणारी सरकारी प्राधिकरणे, महापालिकेचे अभियांत्रिकी विभाग, खासगी विकासक आणि या सगळ्यांनी नेमलेले प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार

स.न.वि.वि.

पाऊस परतीला लागला की आपल्या कार्यालयांतून एक ठरलेले पत्र निघते. काम मागे पडले आहे, मूळ तारीख कायम आहे, सात दिवसांत कॅच-अप प्रोग्राम, म्हणजे मागे पडलेले काम भरून काढायचे वेळापत्रक, सादर करावा. यंदाचीही पत्रे साइटवर आली आहेत. ती आली की प्लॅनिंगवाला बार चार्ट उघडतो, दहा दिवसांचा स्लॅब सात दिवसांचा करतो, प्लास्टरच्या पट्टीखाली वायरिंगची पट्टी सरकवतो आणि शेवटची तारीख जुळली की प्रिंट काढतो. माणसे तेवढीच, शटरिंगचे (काँक्रीट ओतायच्या साच्यांचे) सेट तेवढेच, टॉवर क्रेन एकच. हे होणार नाही हे देणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्यालाही. तरी दोघांच्या सह्या होतात, आणि पुढच्या सहा महिन्यांत साइटवर जे जे वाकडे होते त्यातले बरेचसे त्या दोन सह्यांपासून सुरू होते. म्हणून हे पत्र आत्ता, आणि जाहीर.

आम्ही साइट, क्वालिटी आणि प्लॅनिंगचे इंजिनिअर आहोत, काही सेफ्टी ऑफिसर आहेत. कोणी कंत्राटदाराकडे, कोणी सल्लागाराकडे. पोर कार्डावर (काँक्रीट भरायच्या परवानगीवर), क्यूब रजिस्टरवर (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या नोंदीवर) आणि वर्क परमिटवर सही आमची असते आणि काही बिघडले की पहिली नोटीसही आम्हालाच निघते. याच शहरात आम्ही हप्त्याने घरे घेतो, हेच पूल रोज ओलांडतो. नावे खाली दिलेली नाहीत. का, ते पुढे वाचताना कळेल.

काम रखडले की जागेचा ताबा, जमिनीखालच्या केबल आणि पाइप, परवानग्या, पाऊस ही कारणे सांगितली जातात. ती खरी आहेत. पण जिथे यातले काहीच आडवे येत नाही तिथेही काम तसेच रखडते आणि तसेच गळते. आयएस कोड (भारतीय मानके) आहेत, स्पेसिफिकेशनची जाड बाडे आहेत, लाखांची सॉफ्टवेअर आहेत. अडते ते माणसांच्या वागण्यात: वरच्याला वाईट बातमी न सांगण्यात, फोनवर सांगून लेखी न देण्यात, तपासणी फोटोपुरती उरकण्यात. गीर्त हॉफस्टेड या डच अभ्यासकाने देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांत वरच्या-खालच्या माणसातले अंतर मोजले, त्यात नेदरलँड्स ३८ वर आणि भारत ७७ वर आला. त्या आकड्यांवर वाद आहेत ते असोत. साइट ऑफिसात साहेब आल्यावर खुर्ची कोण सोडतो आणि बोलायचे कोण थांबतो हे पाहिले की अंदाज येतो.

आता नेमके काय चुकते ते सांगतो, आणि ते एका मिक्सरच्या गाडीवरून सांगणे सोपे जाईल.

समजा एम ४० दर्जाच्या काँक्रीटचा १२० घनमीटरचा स्लॅब आहे. ६ घनमीटरच्या २० गाड्या लागतील. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी यंत्रे चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांची मनाई आहे, आणि दिवसा गर्दीच्या वेळी अनेक रस्त्यांवर अवजड वाहने बंद. उरलेल्या फटीत २० गाड्या बसवायच्या. तयार काँक्रीटचे मानक आयएस ४९२६ सांगते की माल भरल्यापासून २ तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. रिटार्डर (घट्ट होणे लांबवणारे रसायन) घालून ही वेळ वाढवता येते, पण तसे ट्रायल मिक्स करून आधीच मंजूर करून घ्यावे लागते. गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर अडकते. साइटवर पोचते तेव्हा माल घट्ट झालेला असतो, पंपवाला ओरडतो की लाइन चोक होईल, आणि ड्रायव्हर कोणाला न विचारता गाडीवरच्या टाकीचा नळ ड्रममध्ये सोडतो.

याचा हिशेब करून पाहा. घनमीटरला ४०० किलो सिमेंट (त्यात मिसळलेली फ्लाय अॅश म्हणजे कोळशाची राख किंवा स्लॅग म्हणजे भट्टीची मळी धरून) आणि १६० लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.४०. सहा घनमीटरच्या गाडीत १२० लिटर गेले तर घनमीटरला २० लिटर वाढले आणि प्रमाण ०.४५ झाले. १२० लिटर म्हणजे वीस लिटरच्या सहा बादल्या. किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला काँक्रीटच्या कामाचे मानक आयएस ४५६ ने घातलेली कमाल मर्यादाही ०.४५ च आहे. डिझाइन करणाऱ्याने राखून ठेवलेली सगळी सवलत सहा बादल्यांत संपली, सातवी बादली नियमाबाहेर गेली. आणि ड्रायव्हर बादल्या मोजत नाही.

करायला काय हवे हे सगळ्यांना पाठ आहे. स्लम्प, म्हणजे माल किती सैल आहे ते, मोजायचा, कमी असेल तर प्लांटच्या माणसाने ट्रायलमध्ये ठरलेल्या मर्यादेतच प्लास्टिसायझर (पाण्याशिवाय माल सैल करणारे रसायन) घालायचा, ड्रम पूर्ण वेगाने पाच-सहा मिनिटे फिरवायचा, पुन्हा स्लम्प घ्यायचा, नाही जमला तर गाडी परत. हे होत नाही, कारण प्लास्टिसायझरचा कॅन आणि तो घालण्याचा अधिकार असलेला माणूस दोन्ही साइटवर नसतात. गाडी परत पाठवायचा अधिकार कंत्राटाने क्वालिटी इंजिनिअरला दिलेला आहे. हा पोरगा बहुधा चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्याने गाडी थांबवली की प्लांटवरून प्रोजेक्ट मॅनेजरला फोन जातो, तिथून याला येतो: ‘कोल्ड जॉइंट आला तर तू बघशील का? भर, चालतंय.’ (आधीचा थर घट्ट झाल्यावर नवा पडला की मध्ये राहतो तो कच्चा सांधा म्हणजे कोल्ड जॉइंट.) फोन कुठेच नोंदला जात नाही. चलनावर सही पोराची राहते.

मग क्यूबचे काय? १२० घनमीटरला आयएस ४५६ प्रमाणे ६ नमुने, म्हणजे १८ क्यूब लागतात, आणि ते वेगवेगळ्या गाड्यांतून घ्यायचे असतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन चांगल्या गाड्यांतून, पाणी पडायच्या आत, सगळे साचे भरून मोकळे होतात. म्हणून क्यूब पास होतात आणि कोअर (भरलेल्या स्लॅबमधून कापलेला नमुना) काढला की फेल. आपल्या सल्लागारांना एक साधी खूण सांगतो. एका नमुन्यातल्या तीन क्यूबच्या ताकदीत सरासरीच्या १५ टक्के वर-खाली फरक कोडला मान्य आहे, कारण काँक्रीट असे वागतेच. रजिस्टरात पानामागून पान २८ दिवसांचे आकडे अर्ध्या युनिटच्या (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) आत भावंडांसारखे रांगेत उभे असतील तर ते मशिनवर दाबून आलेले नाहीत.

स्टीलचेही तेच. फिटरचा मुकादम टनावर पैसे घेतो. सळई बांधून झाली, चेकिंग झाले, त्याचे माप झाले, गँग दुसऱ्या मजल्यावर गेली. स्लॅब भरताना पंपाचा पाइप ओढणारे आणि व्हायब्रेटरवाले त्या जाळीवरून चालतात, चेअर (वरची सळई उचलून धरणारे लोखंडी स्टूल) चपट्या होतात आणि वरची सळई खाली बसते. खोलीच्या मधोमध याने फारसे बिघडत नाही. बाल्कनीत बिघडते, कारण तिथे सगळा भार वरची सळईच घेते. १५० मिलिमीटर जाडीच्या बाल्कनीत वरच्या सळईची प्रभावी खोली १२० वरून ८० वर आली की एक तृतीयांशाहून अधिक ताकद गेली, आणि वरून कोणाला काही दिसत नाही. उपाय आहे: चालायला फळ्या टाकायच्या, मीटर-मीटरवर चेअर द्यायच्या आणि भरणी संपेपर्यंत दोन फिटर हुक घेऊन उभे ठेवायचे. पण त्या दोन फिटरांची हजेरी कोणाच्याच दरात नाही. ज्याचे पैसे कोणी देत नाही ते काम कोणी करत नाही, आणि दर ठरवताना हे आपल्या एस्टिमेट विभागाला कोणी सांगत नाही.

सळईबाहेर काँक्रीटचा ठरलेला थर, म्हणजे कव्हर, राहावा म्हणून लावायच्या कव्हर ब्लॉकऐवजी लादीचे तुकडे लावणेही याच जातीचे. किनारी हवेत उघड्या भागाला ४५ मिलिमीटर कव्हर लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने आत जातो. कव्हर निम्मे झाले तर सळईपर्यंत पोचायला त्याला चौथा हिस्सा वेळ पुरतो. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरल दोष निघाला तर विकासकाने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा आहे. गंजाला बहुधा त्याहून जास्त वर्षे लागतात. स्लॅबचे पोपडे पडायला लागतात तेव्हा वर्गणी सोसायटी काढते, आणि आपली फाइल केव्हाच बंद झालेली असते.

सात दिवसांच्या स्लॅबबद्दलही बोलायला हवे, कारण प्रत्येक कॅच-अप प्रोग्राम त्यावरच उभा असतो. साध्या सिमेंटसाठी आयएस ४५६ मध्ये स्लॅबखालच्या शटरिंगच्या प्लेट ३ दिवसांनी काढता येतात, टेकू लगेच परत लावायच्या अटीवर. टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ दिवस, त्यापुढे २१. आपल्याकडे फ्लाय अॅश आणि स्लॅगचा वापर सर्रास असतो, तेव्हा ही मुदत आणखी वाढवावी लागते. म्हणजे सात दिवसांनी वरचा मजला भरायचा असेल तर खालच्या दोन-तीन मजल्यांवर टेकू उभेच हवेत, आणि तेवढे जॅक (टेकूचे लोखंडी खांब) साइटवर हवेत. प्रोग्राममध्ये दिवस कमी होतात, जॅक वाढत नाहीत. मग मुकादम पहाटे खालचे टेकू काढून वर नेतो. चेकिंगला येणाऱ्याला वरचा मजला भरगच्च दिसतो. खाली कोणी उतरत नाही.

आता बैठकीकडे येतो. सोमवारची आढावा बैठक, टेबलाभोवती वीस-बावीस माणसे. जो पहिला म्हणतो की ‘हे या महिन्यात होणार नाही’, त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली जाते. बाकीचे एकोणीस जण बघून शिकतात. पुढच्या सोमवारपासून सगळ्यांची कामे ‘९० टक्के झाली’ असतात आणि महिनोन्महिने ९० टक्क्यांवरच राहतात. डेली प्रोग्रेस रिपोर्ट (डीपीआर) संध्याकाळी बसून कालच्यावरून उतरवला जातो. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येते आहे, जिन्याचे ड्रॉइंग आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल सल्लागाराचे जुळत नाही, या गोष्टी साइटवरच्या चहावाल्यालाही ठाऊक असतात. आपल्यापर्यंत त्या तीन महिन्यांनी, तोडफोडीचा खर्च घेऊन येतात.

लेखी न देण्याची सवय सगळ्यात महाग पडते. परदेशी कर्जावर होणाऱ्या मोठ्या कामांत फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या धर्तीची कंत्राटे असतात. फिडिकच्या १९९९ च्या आवृत्तीत कलम २०.१ आहे: मुदतवाढ किंवा जादा पैसे मागायचे असतील तर कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्या, नाहीतर हक्क गेला. हेतू चांगला आहे. अडचण तेव्हाच कळावी आणि तेव्हाच सोडवावी. आपल्याकडे नोटीस म्हणजे भांडण समजले जाते. ‘पत्र कशाला देता, संबंध बिघडतील, बघून घेऊ’ असा निरोप येतो. कंत्राटदार गप्प बसतो, वर्षे जातात, शेवटी वकील पाचशे पानांचा क्लेम घेऊन लवादापुढे बसतो. तिथे साइटचे पुरावे म्हणून व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट लावले जातात. एक पानाचे पत्र वेळेवर घेतले असते तर?

दोन खात्यांनी एकमेकांशी न बोलण्याचे उदाहरण सगळ्या मुंबईने पाहिले आहे. २६ फेब्रुवारी २०२४ ला अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू वाहतुकीला खुली झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिला भिडत नव्हता, दोघांच्या पातळीत माणूसभर वाटावे इतके अंतर दिसत होते. उंची वाढायला सबळ कारण होते, रेल्वेच्या रुळांवर जास्त मोकळी उंची ठेवायची होती. नंतर बर्फीवाला पुलाचा भाग जॅकने उचलून सांधा जुळवला, तेही काम सोपे नव्हते आणि ते करणाऱ्यांचे कौतुकच आहे. आमचा प्रश्न तांत्रिक नाहीच. सांधा जुळणार नाही हे नागरिकांना पूल उघडल्या दिवशी डोळ्यांनी का कळावे? अशा कामात पन्नास ड्रॉइंगे असतात, पण शेजारच्या ड्रॉइंगवरची पातळी विचारणे हे कोणाच्या कामाच्या यादीत असते ते आपणच तपासून पाहा.

मजुरांबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण आपल्या कागदांत ते ‘मॅनपॉवर’ या एका रकान्यात मावतात. मुख्य कंत्राटदार, त्याखाली उपकंत्राटदार, त्याखाली पेटी ठेकेदार, त्याखाली मुकादम, मग माणूस. रविवारी मुकादम खर्ची देतो, म्हणजे किराणा आणि रिचार्जपुरते पैसे. खरा हिशेब गावी जाताना. वरून बिल दोन-तीन महिने अडकले की खर्ची बंद होते, आणि खर्ची बंद झालेली गँग एका रात्रीत ट्रेनने किंवा शेजारच्या साइटवर निघून जाते. याला डीपीआरमध्ये ‘अचानक लेबर शॉर्टेज’ म्हणतात. आणि छठ, होळी, ईद? छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, पंचांगात छापलेले असते. गेलेला माणूस तीन-चार आठवडे परतत नाही, मध्ये धानाची कापणी आणि लग्ने येतात. गणपतीत आपलेच कोकणातले स्टोअरकीपर, सुपरवायझर आणि ड्रायव्हर गावी जातात, आणि जायलाच हवेत. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, जाण्याची ८ ऑक्टोबर, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. तरी आपण मंजूर केलेल्या प्रोग्राममध्ये बारा महिने दरमहा सव्वीस दिवस एकाच उत्पादकतेने छापलेले असतात.

सुरक्षेबाबत थोडक्यात. गेटवर ‘शून्य अपघात’चा फलक आणि त्यावर बक्षीस लावले की अपघात थांबत नाहीत, त्यांची नोंद थांबते. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांचे रजिस्टर कोरे असणे ही शाबासकीची गोष्ट नाही. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधी सुरक्षेवर बोलायच्या बैठकीत) इंग्रजी फलक वाचून दाखवला जातो आणि समोर मालदा-मुर्शिदाबादची बंगाली बोलणारी माणसे उभी असतात. हार्नेस (उंचीवरचा सुरक्षा पट्टा) फोटोपुरता चढतो. हुक अडकवायला लाइफलाइनच बांधलेली नसते. ऑक्टोबर २०२३ च्या महापालिकेच्या धूळ नियमांचेही तेच झाले: ७० मीटरहून उंच कामांभोवती ३५ फुटी पत्रे लागले खरे, पण पाण्याचे फवारे अनेक ठिकाणी पाहणीच्या दिवशी जोरात चालतात.

हे सगळे आपल्या मातीतच आहे, बदलणार नाही, असे म्हणणारेही भेटतात. आम्हाला ते पटत नाही. कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० मध्ये झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये बोगदे-पुलांनी भरलेली ७४१ किलोमीटरची लाइन पूर्ण सुरू झाली. तिचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी पुढे दिल्ली मेट्रोच्या साइटवर उलटी मोजणी करणारी घड्याळे लावली. इंजिनिअर, मुकादम, मजूर इथलेच होते. घड्याळाची नक्कल करणे सोपे आहे. साइटवरच्या माणसाला तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा अधिकार आणि त्या निर्णयामागे उभा राहणारा वरिष्ठ, हे घड्याळासोबत येत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

१. कॅच-अप प्रोग्रामसोबत साधनांचे पान सक्तीचे करा: शटरिंगचे किती सेट, किती जॅक, क्रेनचे किती तास, कोणत्या गँगची किती माणसे, आणि हे सगळे मूळ प्रोग्रामपेक्षा किती जास्त. जास्त काही नसेल तर प्रोग्राम नामंजूर करा आणि खरी तारीख विचारा. कॅलेंडरात पावसाळ्याचे आणि सणांचे महिने वेगळ्या उत्पादकतेने दाखवलेले असावेत.

२. काँक्रीटची गाडी स्वीकारणे, स्टील आणि कव्हर, शटरिंग आणि टेकू, उंचीवरचे काम: या चार ठिकाणी काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, त्याचे नाव पोर कार्डावर किंवा परमिटवर छापा. तो निर्णय वरिष्ठाला फिरवायचा असेल तर त्याच दिवशी, कारणासह, स्वतःच्या सहीने. फोनवर फिरवलेला निर्णय ग्राह्य धरू नका. क्वालिटी इंजिनिअरचे मूल्यमापन प्रोजेक्ट मॅनेजरने करू नये. त्याला वेगळी साखळी द्या.

३. आठवड्याला दिलेली कामांची वचने आणि पूर्ण झालेली कामे यांची टक्केवारी काढा. लास्ट प्लॅनर पद्धतीत हेच करतात. वचन मुकादम आणि साइट इंजिनिअरने द्यावे, वरून लादू नये; न झालेल्या प्रत्येक कामासमोर एका ओळीत कारण असावे. ही टक्केवारी कोणाला शिक्षा करायला वापरली की दुसऱ्याच आठवड्यापासून ती खोटी येईल, एवढे लक्षात ठेवा.

४. नोटीस रोजच्या कामकाजाचा भाग म्हणून घ्या. आवक रजिस्टर ठेवा, चौदा दिवसांत उत्तर द्या. नोटीस दिली म्हणून बिल मागे ठेवण्याचा प्रकार घडला तर त्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर निश्चित असावी.

५. निविदेतल्या दरात स्लॅब भरताना उभे राहणारे फिटर, चालायच्या फळ्या, जादा जॅक, लाइफलाइन, क्युरिंगची (काँक्रीट ओले ठेवणारी) माणसे ही वेगळी कलमे घाला. एकूण आकड्यात गुंडाळली की एल-वनच्या (सर्वांत कमी बोलीच्या) शर्यतीत तीच आधी कापली जातात. एस्टिमेटपेक्षा फारच खाली आलेल्या निविदेला हे दर कलमवार समजावून सांगायला लावा.

६. उपकंत्राटदाराचे मंजूर बिल एकवीस दिवसांत सुटले की नाही हे मुख्य कंत्राटदाराच्या पुढच्या बिलाआधी तपासा. मजुराची मजुरी थेट त्याच्या खात्यात जावी आणि खर्चीची नोंद त्याच्याकडच्या कार्डावर असावी. दिवाळीआधीचे पैसे दिवाळीआधी मिळाले तर छठनंतर माणूस परत येण्याची शक्यता किती वाढते, हे कुठल्याही मुकादमाला विचारा.

७. टूलबॉक्स टॉक गँगच्या भाषेत, दहा मिनिटांत, त्या दिवशीच्याच कामावर. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगाची नोंद करणाऱ्यावर कारवाई नको आणि शून्य नोंदीला बक्षीसही नको.

८. काही पडले, खचले, गळाले तर कनिष्ठाला निलंबित करण्याआधी त्या कामाच्या आधीच्या सहा महिन्यांचे सगळे ई-मेल, बैठकींचे इतिवृत्त आणि प्रोग्रामच्या सर्व आवृत्त्या चौकशी समितीसमोर ठेवा. तारीख कोणी आवळली, इशारा कोणी दिला होता आणि तो कोणत्या टेबलावर थांबला, हे अहवालात नावानिशी यावे आणि अहवाल नागरिकांना वाचायला मिळावा.

यातल्या काही मागण्यांना निविदा कागदपत्रे बदलावी लागतील, त्याला वेळ लागेल हे आम्हाला समजते. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या मागणीला पैसे लागत नाहीत, एका परिपत्रकाने होतात. दिवाळीआधी तेवढे परिपत्रक काढा.

कळावे,

आपले,
मुंबईतल्या बांधकाम साइटवरचे काही साइट, क्वालिटी आणि प्लॅनिंग इंजिनिअर व सेफ्टी ऑफिसर